पांतेलेचा शेवटचा बांध

पांतेलेचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. बटाट्याची गार धिरडी, खारवलेल्या चरबीचा तुकडा, मग फावड्याला धार. फावडं बोथट असलं की कंबर मोडते, हे त्याला तरुणपणीच कळलं होतं. पोलेसियेच्या या दलदलीतले चर त्यानंच खणले होते. तेव्हा पाणी काढून टाकायची मजुरी मिळायची. आता साठी उलटल्यावर, दलदल पुन्हा भिजावी म्हणून, तेच चर बांध घालून बुजवायची मिळत होती.

"एकदा उकरायचं, एकदा झाकायचं," बायको मालान्या म्हणायची. "तुझ्यापेक्षा मांजर बरी."

"मांजरीला मजुरी मिळत नाही."

तिचा राग जुना होता. गावामागच्या कोपऱ्यात पूर्वी खुरटे पाइन होते, वयानं आजोबा, उंचीनं नातवंडं. त्यांच्याखाली शेवाळाच्या ओल्या गाद्या, गाद्यांवर आंबट लाल फळांच्या, क्रॅनबेरीच्या वेली. मालान्याची आई तिथंच फळं वेचायची. चर पडले, पाणी गेलं. शेवाळ पांढरं पडून पायाखाली कुरकुरायला लागलं. बर्च घुसले, पाइन सरसर वाढले. उरली ती बगूनची झुडपं, ज्यांच्या वासानं डोकं जड होतं. क्रॅनबेरी दिसेनाशी झाली.

तिचा कोपरा भिजल्याशिवाय फावडं खाली ठेवायचं नाही, असं पांतेलेनं ठरवलं होतं.

तिथला बांध शेवटचा होता. त्यानं पाइनचे ओंडके आडवे ठोकले, वर दलदलीची काळी माती चोपली. बांध चराइतकाच रुंद, काठाला काठ, रेघ मारल्यासारखा. चर खणण्यात हयात गेलेल्या हाताला सरळ काठच सुचतो. तिथंच चुकलं. काठाची माती इतक्या वर्षांत वाळून भेगाळली होती. पाणी बांधाला वळसा घालून मुळांमधून निघून गेलं.

मुकादम रमान म्हणाला की पाहणी झाली, मजुरी मिळेल, आता टोळी पुढच्या दलदलीवर न्यायची.

"पाणी काही तुमच्या धाकात नाही, पांतेलेकाका."

"नसू दे. फावडं आहे."

टोळी गेली. पांतेले एकटा परतला. दोन्ही काठ कापत तो ओल लागेपर्यंत आत शिरला. वरची वाळकी माती फेकली. खालची, लोण्यासारखी ओली, तेवढीच भरली आणि थरावर थर तुडवला. घाईनं तुडवलेला थर पाणी लगेच ओळखतं. दुपारी मालान्या क्वासचं, पावाच्या आंबूस पेयाचं, मडकं घेऊन आली. उभी राहून बघितलं, मडकं सावलीत ठेवलं, घागरा खोचला आणि तुडवायला लागली.

"इथं पोकळ लागतंय," थोड्या वेळानं ती म्हणाली.

त्यानं तेवढा भाग उकरून पुन्हा भरला.

वसंतात बर्फ वितळलं. पाणी बांधाशी आलं आणि थांबलं. मुळं बुडाल्यानं बर्च उभ्या उभ्या सुकले. शेवाळ हिरवं झालं, मग तांबूस. काही शरद गेले आणि एका शरदात पलीकडच्या उंचवट्यावर लाल ठिपके दिसले.

पण पायवाट पाण्याखाली गेली होती.

"जायचं कसं आता, उडत?" मालान्यानं विचारलं. "होती ती नाव तू डुकरांना दिलीस."

ते खरं होतं. चर झाले त्या वर्षी, आता पाणी कुठलं, म्हणून त्यानं नाव आडवी कापून डुकरांना खायला गव्हाण केली होती.

बांधांची मजुरी त्यानं अजून खर्चली नव्हती. तिच्यातून सपाट बुडाची नवी नाव आली. मालान्या मांडीवर बादली घेऊन पुढे बसली आणि वल्हं त्याच्या हातात दिलं.