पुसायचं नाही

आमच्या गल्लीत कुणाकडे बाळ आलं की सल्ले देणाऱ्यांची रीघ लागते आणि त्या रांगेत मी सगळ्यात पुढे असते. मराठी शाळेतली मास्तरीण आहे मी, न विचारता सांगणं हा माझा धर्मच. पण शेजारच्या राघवेंद्रकडे स्वरा आली, तेव्हा मी तोंड मिटून परत आले. पोरगी दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, दवाखान्यात काचेच्या पेटीत राहून आलेली. पांघरुणात ती आहे की नुसतंच पांघरूण आहे, हे वाकून बघावं लागत होतं.

तिला अंगावर ओढायला जोर नव्हता. म्हणून तिच्या आईसाठी, यामिनीसाठी, दूध काढायचं विजेवरचं मशीन आणलं होतं. त्यानं बाटलीत दूध जमा करायचं आणि वाटी-चमच्यानं थेंबाथेंबानं पाजायचं. बाटल्या, वाटी, चमचा, सगळं वाफवून घ्यायला दुसरं एक मशीन. डॉक्टरांनी बजावलं होतं की या पोरीला जुलाब लागले तर झेपायचे नाहीत, वजन भरेपर्यंत स्वच्छता हेच औषध समजा.

ही धुवाधुवी रेणुकाबाईंनी आपल्याकडे घेतली. त्या राघवेंद्रच्या आई. भीमपूरकडच्या, पैनगंगेकाठच्या गावातल्या. कापूस वेचण्यात जन्म गेलेला, बोटांची टोकं बोंडांनी ओरखडून चामड्यासारखी झालेली. एरवी मुलाकडे आदिलाबादला आल्या की दुसऱ्याच दिवशी त्यांना म्हैस आठवायची. या खेपेला मात्र म्हैस नवऱ्याच्या, उद्धवरावांच्या, गळ्यात बांधून त्या आल्या आणि परत जायचं नाव काढेनात. मला वाटलं, नातीचा लळा. लळा होताच, पण तेवढंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

यामिनी बँकेत नोकरीला, स्वभावानं चोख. तिनं सासूला एकदाच सगळं समजावून सांगितलं. बाटलीला ब्रश चालतो, पण आतली पांढरी रबरी झडप ब्रशनं फाटते, ती बोटानंच धुवायची. नळीत पाणी जाऊ द्यायचं नाही. मोटारीचा डबा नुसता पुसून घ्यायचा, नळाखाली धरायचा नाही. रेणुकाबाईंनी ऐकून घेतलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. त्या झडपा त्या अशा धुवायच्या की जणू पोरीचे कानच धुताहेत.

आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे अर्धा चुना. वाफेच्या मशीनच्या तव्यावर आठवड्याभरात पांढरी खपली धरली. रेणुकाबाईंना ती बघवेना. पितळेची घागर असती तर त्यांनी चिंच घेऊन चकाचक केली असती, पण यामिनीनं व्हिनेगर आणून दिलं. पाण्यात घालून तव्यावर ठेवायचं, खपली सुटली की धुऊन टाकायचं. नंतर रेणुकाबाईंनी बोअरचं पाणी त्या मशीनला दाखवलंच नाही. प्यायच्या पाण्याचा जार यायचा, त्यातलंच त्याला द्यायच्या. "त्याले बी ग्वाड पाणी लागते," म्हणायच्या. आम्ही हसायचो.

एका बाबतीत मात्र त्यांनी सगळ्यांना जेरीस आणलं. वाफेतून काढलेली वस्तू त्या पुसू द्यायच्या नाहीत. चिमट्यानं उचलायची, झटकायची, जाळीवर उपडी ठेवायची आणि आपोआप वाळेपर्यंत थांबायचं. पोरगी भुकेनं कळवळत असली तरी हाच नेम. एकदा यामिनी वाटी पुसायला धुतलेला, इस्त्री केलेला रुमाल घेऊन आली, तर रेणुकाबाईंनी तो तिच्या हातातून हिसकला.

"पुसाचं नाई."

"अहो आई, स्वच्छ आहे तो! लेकरू रडून राह्यलंय, दिसत नाही का तुम्हाला?"

"रडू दे. रडल्यानं मरत नाई लेकरू."

यामिनी दाणदाण पाय आपटत आत गेली. मी तिथंच होते आणि माझी जीभ कधी गप्प बसली आहे? म्हटलं, "मावशी, दुधानं तोंड पोळल्यासारखं ताकही फुंकून पिता तुम्ही!" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वाटीकडे वळल्या. मला वाटलं, मी फार चांगलं बोलले.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी बसडेपोपासून चक्कीपर्यंत सगळं झेंडूनं भरून जातं. रेणुकाबाईंच्या गावी वखर, तिफण, डवरा, विळे, सगळं धुऊन ओळीनं मांडतात. पण इथं फ्लॅटमध्ये अवजार कुठलं? त्यांनी पाट मांडला, त्यावर भाजीची विळी ठेवली आणि शेजारी ती दोन्ही मशीनं. घरात खरं राबणारं अवजार तेच होतं, त्यांचं काही चुकलं नव्हतं. मोटारीचा डबा त्यांनी कोरड्या फडक्यानं पुसला, थेंबभर पाणी लागू दिलं नाही. आणि मग हळदकुंकू कालवून बोट लावलं.

अवजाराला कुंकू लावायचं ते त्याच्या तोंडाशी, ही रीत. विळ्याला धारेशी, तिफणीला फणाशी, जात्याला तोंडाशी. दूध काढायच्या मशीनचं तोंड कुठलं? नळी बसते ते भोक. तिथं त्यांनी ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मी प्रसादाला गेले होते. मीही ते पाहिलं आणि पाहून हात जोडले.

"आज अवजाराले सुट्टी असते," मी चेष्टेनं म्हटलं.

"आमच्या गावात असते. हे लेकराचं काम हाय, याले सुट्टी नाई."

यामिनी झोपेतून उठली ती स्वराच्या रडण्यानंच. फूल बाजूला केलं, नळी खोचली, बटण दाबलं. दूध निघालं, वाटीत घेऊन तिनं पाजलं. पुन्हा मशीन लावलं तर ते घरघरलं आणि बंद पडलं. नळी काढायला गेली तर तिच्या आत लाल ओघळ.

तिची किंकाळी माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आली. मी धावले. यामिनी एका हातात नळी धरून उभी होती. "काय घातलं यात? आई, विष पाजलंत का माझ्या लेकराला?" कुंकवात आजकाल काय काय रंग असतात, हे तिनं मोबाइलवर वाचलं होतं. राघवेंद्र रिक्षा आणायला धावला. रेणुकाबाई चप्पल शोधू लागल्या.

"तुम्ही नका येऊ," यामिनी म्हणाली.

रिक्षा गेली. तिच्या टपाला झेंडूच्या माळा होत्या आणि पुढच्या काचेवर कुंकवाचे पाच पट्टे.

रेणुकाबाई माझ्या पायरीवर येऊन बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी खाली ठेवलं. बराच वेळ रिक्षा गेली त्या वळणाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्तरीणबाई, माह्या पयल्या पोराचं नाव पंढरी होतं."

मला आजवर वाटत होतं की राघवेंद्रच थोरला.

"मले ताप भरला अन् दूध आटलं. बकरीचं दूध पाजाचं ठरलं. यायनं, राघूच्या बापानं, तामसीच्या बाजारातून काचेची बाटली आणली. नर्सबाईनं सांगतलं, उकळून घेत जा. म्या उकळली. रोज उकळली, कसूर केली नाई." त्या पदराचं टोक बोटांत पिळत होत्या. "पण बाटली वल्ली राहे. अन् पोरगं रडून राह्यलेलं. मले घाई होती. म्या पदरानं पुसली. गोठ्यातून आली होती मी, त्याच पदराले हात पुसले होते."

मी पाण्याचा पेला पुन्हा त्यांच्या हाताशी सरकवला.

"मंग हगवण लागली. गेलं. कोणी मले बोललं नाई. सासू म्हणे, देवाची मर्जी. यायनंबी कधी शब्द काढला नाई. पण मले ठाऊक होतं. राघूच्या वक्ती म्या बाटली घरात येऊ देली नाई."

"पण मावशी, पदरानंच झालं हे कशावरून? बकरीचं दूधच बाधलं असेल."

"दुसरं काय असन?" त्या म्हणाल्या. इतकी वर्षं त्यांनी स्वतःला हेच विचारलं होतं, माझ्या शंकेची त्यांना गरज नव्हती. "आज म्या पदर लावला नाई, पाणी लावलं नाई. देवाचं कुंकू लावलं. तरी माह्या हातानं तेच झालं."

माझं ते ताकाचं बोलणं मला आठवलं आणि जीभ उपटून टाकावीशी वाटली.

थोड्या वेळानं त्या उठल्या, घरी गेल्या आणि आपली पिशवी भरून आणली. दुपारच्या बसनं गावी जायचं म्हणाल्या. मी म्हटलं, पोरीची खबर तरी येऊ द्या. तेवढ्यासाठीच त्या बसल्या. रस्त्यावर रिक्षा वाजली की मान वर करायच्या.

दुपार कलताना ते तिघे आले. पोरगी यामिनीच्या खांद्यावर डोळे उघडे ठेवून होती. राघवेंद्रनं रिक्षातून उतरतानाच सांगितलं, "काही नाही झालं. नळी अन् दुधाच्या मधात पडदा राह्यते. डॉक्टर म्हणले, दुधात काही उतरलं नाही." रेणुकाबाईंनी डोळे मिटून घेतले. मी तर रडलेच, उगाच कशाला लपवू!

यामिनीचा राग गेलेला नव्हता, चेहऱ्यावर दिसत होता. ती सासूशी न बोलता आत गेली. आम्ही दारात उभ्या. मशीन तर मेलेलं, सणाची दुकानं बंद. दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला हातानं दूध काढायला शिकवून पाठवलं होतं. स्वरानं सूर लावला. यामिनी पलंगावर बसली, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, वाटी उकळून द्या."

"तूच घे माय. माह्या हातचं नको."

"मांडीवर हे आहे. मी दोन हात आणखी कुठून आणू?" तेव्हा तिला पिशवी दिसली. "अन् हे काय? कुठं चालल्या?"

रेणुकाबाई उंबऱ्यातच थांबल्या. पायरीवर मला जे सांगायला इतका वेळ लागला, ते त्यांनी इथं एका वाक्यात सांगितलं. "पंढरीची बाटली म्या पदरानं पुसली होती, म्हणून तो गेला."

राघवेंद्र गोंधळला. "कोण पंढरी?"

"तुहा मोठा भाऊ."

तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. चाळिशीला आलेल्या माणसाला आपल्याला भाऊ होता हे त्या क्षणी कळत होतं. यामिनी सासूकडे बघत होती. मग तिची नजर ओट्यावरच्या जाळीकडे गेली, तिथं सकाळच्या बाटल्या अजून उपड्या होत्या. माफी मागितली नाही तिनं, गळ्यातही पडली नाही. आवाज मात्र खाली आला.

"आई," ती म्हणाली, "वाटी."

रेणुकाबाईंनी पिशवी खाली ठेवली. कोपरापर्यंत हात धुतले. वाफेच्या मशीनच्या कपाळावर सकाळचं कुंकू तसंच होतं, त्याला त्यांनी हात लावला नाही. साधं पातेलं घेतलं, जारमधलं पाणी ओतलं, गॅसवर चढवलं. पाण्याला खळखळून उकळी येऊ दिली. मग चिमट्यानं वाटी उचलली, झटकली आणि जाळीवर न ठेवता तशीच हवेत धरून खिडकीशी उभ्या राहिल्या.

स्वरा रडून रडून लाल झाली होती. यामिनीच्या हाताशी धुतलेला रुमाल होता, तिनं तो उचलला नाही. राघवेंद्र आईच्या हाताकडे बघत उभा होता. वाटी वाळेपर्यंत "लवकर करा" असं कुणीही, मीसुद्धा, म्हटलं नाही.