नळीच्या तोंडावरचा टिळा

घरातलं घड्याळ असो की तुमच्या आजोबांच्या दवाखान्यातलं रक्तदाबाचं यंत्र, तो आधी काचेवर नखाने टिचकी मारायचा आणि मगच आकडा वाचायचा. "वहिनी, काटा झोपतो. आधी उठवायचा, मग विचारायचं."

कपाशीवर औषध फवारायला आमच्या भागात पहिलं विमान आलं, त्याचा हा वैमानिक. शहाद्याला आमच्याच माडीवर भाड्याने राहायचा. चहा आमच्याकडे, चिडचिडही आमच्याकडेच.

मुलांनो, विमानाच्या पंखाखाली एक बारीक नळी असते. समोरचा वारा तिच्यात शिरतो आणि त्याच्या दाबावर वेगाचा काटा हलतो. त्या नळीसाठी त्याने माझ्या मशीनवर खाकी टोपी शिवून घेतली होती. "कुंभारमाशीने आत घर केलं, की काटा खोटं बोलणार," म्हणायचा.

पहिल्या उड्डाणाला म्हसावदजवळच्या धावपट्टीवर अख्खं गाव लोटलं. फोटोसाठी कंपनीच्या साहेबाने ती टोपी काढायला लावली. नव्या बैलगाडीची करतात तशी विमानाची पूजा झाली. एका म्हाताऱ्या गुजर पाटलांनी मोठ्या मायेने ओल्या कुंकवाचा टिळा नेमका नळीच्या तोंडावर, अक्षतांसकट, अंगठ्याने दाबून लावला.

"बाबा, तिथे नको!" हा ओरडला.

"नवं शे ना, भो! टिळा नको?" पाटील हसले.

त्यांच्यावर माझा राग नाही. तो साहेबावर आहे, आजही. नळी उघडून धुवायला वैमानिकाने दुपारपर्यंतचा वेळ मागितला.

"काडीने कोरा आणि निघा. लोक ताटकळलेत," साहेब म्हणाला.

कोरलं. विमान पट्टीवर धावलं, पण वेगाचा काटा शून्यावरून हलेना. वेग न कळता कपाशीच्या शेंड्यांवरून उडणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याने पट्टीच्या टोकाशी विमान थांबवलं. गर्दी हसली. "पायलट घाबरला!" साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, आणि संध्याकाळी त्याला काढूनच टाकलं.

मी साहेबाला गाठून इंग्रजीत सुनावलं. दुसरी भाषा त्याच्या कानात शिरत नव्हती.

"बाई, तुम्ही आपली शाळा सांभाळा," एवढंच उत्तर मिळालं.

मग दुसरा वैमानिक आला. त्याने आधी सबंध सकाळ घालवून नळी उघडली, धुतली, वाळवली. साहेब त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. त्याला कुणी भित्रा म्हटलं नाही.

आमचा वैमानिक तोवर एसटीने निघून गेला होता. कुठे, ते कधीच कळलं नाही. गल्लीतली पोरं मात्र पुढे कितीतरी दिवस हात पसरून धावत, मध्येच थबकत आणि साहेबाचं "घाबरला" आपल्या बोलीत ओरडत, "घाबरना रे, घाबरना!" मी दारातून रागावले, की आणखी मोठ्याने.