झडतीकाकांच्या पायऱ्यांवरचा उजेड

आमच्या शेजारच्या काकांनी जन्मभर कारखान्याच्या फाटकावर झडती घेतली. सुटलेल्या कामगारांना एकेक करून थांबवायचं, पिशवी उघडायला लावायची, जेवणाचा डबासुद्धा हलवून बघायचा. नोकरी संपली, नजर मात्र कामावरच राहिली. कुणी हसून तब्येत विचारली तरी काका आधी त्याच्या हातांकडे बघतात. आम्ही त्यांना झडतीकाका म्हणतो. पाठीमागे, अर्थात.

मध्यंतरी काकू बागेतल्या पायऱ्यांवरून घसरल्या. तिन्हीसांजेला त्यांना धड दिसत नाही. हाड वाचलं, पण त्यांनी धसका घेतला. "पायऱ्यांवर उजेड करा, नाहीतर मी लेकीकडे राहायला जाते," असं त्यांनी सांगूनच टाकलं. लेक रविवारी गाडी घेऊन येणार होती. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. हक्काने संशय घ्यायला घरात माणूस एकच, तेही निघालं तर उरलं काय?

वायरमन आला. ओट्यावर ट्रान्सफॉर्मर बसवू, तिथून कुंपणालगत सरळ पायऱ्यांपर्यंत वायर नेऊ, म्हणाला.

"कुंपणालगत? म्हणजे पलीकडून कुणी टोचून वीज ओढायला मोकळं."

पलीकडे मी राहते.

"काका, हे बारा व्होल्टचे दिवे. त्यावर ताईंचा मिक्सर फिरायचा नाही."

"मिक्सरच कसा आठवला तुम्हाला?"

वायरमनने सामान ठेवलं आणि काढता पाय घेतला.

मग काकांनी स्वतःच आखणी केली. ओट्यावरून निघायचं, घरामागे जायचं, मोरी, पाण्याची टाकी, पलीकडची भिंत असा द्राविडी प्राणायाम करत शेवटी पायऱ्यांशी पोचायचं. माझ्या कुंपणापासून जितकं लांब तितकं बरं. एवढी वायर लागणार म्हणून आणली स्वस्तातली, बारीक.

शनिवारी संध्याकाळी बटण दाबलं. ओट्याजवळचे दिवे लखलखले, टाकीजवळचे मवाळ झाले आणि पायऱ्यांवरचा नुसता पेंगत राहिला. काकांनी कुंपणाकडे पाहिलं. मी मुद्दाम मिक्सर लावला.

दोन मिनिटांत काका दारात.

"काय चाललंय, ताई?"

"वाटण. तुमच्या बारा व्होल्टांवर."

"मेन स्विच बंद करा बरं."

केला. माझं घर अंधारात, त्यांचा दिवा होता तसाच पेंगलेला. काकांचा चेहरा असा पडला, की मलाही थोडं वाईट वाटलं. फार नाही.

मग त्यांनी फाटकावरची पद्धत काढली: एकेकाला बाजूला घ्यायचं. पायऱ्यांवरचा दिवा उपटून ओट्याजवळ लावला. झकास पेटला. ओट्याजवळचा पायऱ्यांवर नेला, तर तो पेंगायला लागला.

"दिवे निर्दोष आहेत," काका हळूच म्हणाले. "माल वाटेत गळतोय."

चोर वायरच होती. बारा व्होल्ट म्हणजे मुळात अशक्त गडी. बारीक वायरीतून एवढा वळसा घालायला लावला की शेवटी त्याला धाप लागणारच. जवळची वाट आणि जाड वायर, याशिवाय इलाज नव्हता. आणि जवळची वाट एकच होती.

रविवारी सकाळी काका कुंपणालगत चर खणताना दिसले.

"खुशाल न्या हो," मी म्हटलं. "मी लक्ष ठेवीन."

"तेवढंच करू नका."

संध्याकाळी लेकीची गाडी फाटकाशी थांबली. पायऱ्यांची कड न् कड दिसत होती. काकू ओट्यावरून निघाल्या आणि कठड्याला हात न लावता खाली उतरल्या. लेकीला म्हणाल्या, "आत ये, चहा टाकते. मी काही येत नाही."

काका खालच्या पायरीवर उभे. त्यांनी डोळे बारीक केले.

"एवढ्यात बेत बदलला? म्हणजे जायचं मुळात मनातच नव्हतं तर."

"तुम्ही आधी बाजूला व्हा," काकू म्हणाल्या, "पायरीवर तुमची सावली पडतेय."