लेकरू मधात

बैल जुंपले होते, दमणीत गोधडी अंथरली होती, आणि मामाजी काही आम्हाला निघू देईनात. मामाजी म्हणजे माझे सासरे. मोताळ्याजवळच्या आमच्या खेड्यातून मलकापूर स्टेशनापर्यंत ते स्वतः दमणी हाकणार होते. आमच्या ह्यांना नागपूरच्या सरकारी कचेरीत नोकरी लागली होती. सासूबाई भाकरीचं गाठोडं पुन्हापुन्हा सोडून बांधत होत्या, आणि आमचे हे आतापासूनच साहेब झाल्यासारखे कडेला ऐटीत बसले होते. त्यांच्या शेजारी चार वर्षांचा शेषू, पाय बाहेर सोडून. मामाजींनी त्याला बखोटीला धरून उचललं.

"लेकरू मधात पाह्यजे. मोठे मानसं कडाले. चाक लागलंच तं मोठ्याले लागो."

हा त्यांचा कायदा होता. लग्नाला निघा, बाजाराला निघा, लेकरू मधात. कडेला बसून हादरे खायला सुना होत्याच! मला राग यायचा खरा, पण त्या दिवशी शेषूला आम्हा दोघांमध्ये दाबून बसवलं, तान्ह्या वच्छीला मांडीवर घेतलं, आणि रस्ताभर त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. स्टेशनावर त्यांनी आमची गाठोडी आत चढवली. गाडी सुटताना खिडकीशी येऊन तेवढंच पुन्हा म्हणाले, "लेकरू मधात ठेव वो, सूनबाई."

तुम्हा मागं राहिलेल्यांना वाटतं, गेलेले सुखात असतात. आणि माझ्यासारखे जे गेले त्यांना विचारा, पहिलं वर्ष कसं जातं ते. नागपुरात एक खोली, एक नळ, शेजारीण माझं बोलणं ऐकून पदराआड हसणारी. हे दिवसभर कचेरीत. शेषू रोज विचारायचा, "बैल कुठं हायेत?" शेवटी ह्यांनी ठरवलं, सायकल घ्यायची आणि रविवारी सगळ्यांनी मिळून तेलंगखेडीच्या तळ्यावर हवा खायला जायचं. नागपुरात सायकली इतक्या, की माझ्या मते माणसं फक्त त्या चालवण्यापुरतीच होती.

दुकानात आम्ही चौघं गेलो. ह्यांचे डोळे आधी घंटीवर गेले, मग दिव्यावर. पुरुषाला सायकल दाखवा नाहीतर नवरदेवाचा घोडा, तो आधी चकाकी पाहतो. दुकानदार म्हातारा होता, बोलका होता. त्यानं हँडलला अडकवायची वेताची छोटी खुर्ची काढली. "बाई, पोराले यात बसवा. बापाच्या डोळ्यासमोर रायते." मग पदर, पाय अडकू नये म्हणून मागच्या चाकाला लावायची जाळी दाखवली. ती पाहून हे म्हणाले, "ते बायकांच्या सायकलीला असते. कचेरीतले हसतील मले."

आणि वेताच्या खुर्चीकडे पाहून आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, "पण हे तं कडाले झालं!"

पुढं काही आदळलं तर पहिलं लेकरूच की. मामाजींनी बसूच दिलं नसतं. म्हणून आम्ही दुकानातलं सगळ्यात लांब, मजबूत कॅरिअर निवडलं. त्यावर घरून आणलेली गोधडी चौघडी करून बांधली. पुढं हे, मागं वच्छीला घेऊन मी, आणि दोघांच्या मधात शेषू, घोड्यावर बसावं तसा दोन्हीकडे पाय टाकून. दुकानदारानं एकदा मान हलवली, पण गिऱ्हाइकाशी कोण वाद घालतो? आम्हाला तर परक्या शहरात घरचा शब्द पाळल्याचं केवढं समाधान वाटत होतं.

काही रविवार फार सुखाचे गेले. तळ्याकाठी फुटाणे, येताना गार वारा, शेषूचं डोकं ह्यांच्या पाठीला टेकलेलं. मग एका रविवारी उतारावर त्याला पेंग आली. पाय सैल सुटला आणि टाच चाकाच्या तारांमध्ये गेली.

ती किंकाळी मला अजून ऐकू येते. याहून जास्त मी लिहिणार नाही.

पाय वाचला, पण टाच पूर्वीसारखी झाली नाही. पोर डावा पाय जरा ओढून चालू लागलं. सायकल पोत्याखाली झाकून ओसरीत पडून राहिली. हे जेवताना मान वर करत नसत. मला परत जायचं होतं, आणि परत जायचीच भीती वाटत होती. घरी आम्ही नुसतं कळवलं, पोरगा पडला, बरा आहे. कारण खरं कळवायचं म्हणजे म्हाताऱ्याला सांगायचं, की बाबा, तुमचा शब्द पाळला म्हणून असं झालं. ते त्यांना कधीच कळू द्यायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला गावी निघालो. मलकापुरात मामाजी दमणी घेऊन उभे. शेषू त्यांच्याकडे धावला, आणि त्याची धाव पाहून त्यांचे पसरलेले हात तसेच राहिले.

"पायाले काय झालं बे याच्या?"

"सायकलवरून पडला, बाबा," हे म्हणाले.

"कडाले बसवला असन तुमी!" मामाजी एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "लाख खेपा सांगतलं..."

शेषूला वाटलं, आपल्यालाच रागावतात. रडवेला होऊन म्हणाला, "नाही, आबा, मी मधातच बसलो होतो."

मामाजींनी खाली वाकून त्याची टाच पाहिली. मोताळ्याच्या मास्तरांची सायकल त्यांनी पाहिली होती. त्यांनी ह्यांना हलकेच विचारलं, "बापू, सायकलचं चाक कुठं असते?"

दमणीची चाकं दोन कडांना असतात, सायकलचं चाक मधात.

मामाजींनी शेषूला उचलून पुढं, स्वतःच्या दोन गुडघ्यांत बसवलं आणि कासरा त्याच्या हातात दिला.

नागपूरला परतल्यावर आम्ही जाळी लावली आणि वेताची खुर्चीही घेतली. सायकल काही सोडली नाही, शहरात राहायचं तर ती लागतेच. आता शेषू स्वतः बाप आहे. लेकरांना घेऊन दुकानात गेला की घंटी वाजवायच्या आधी खाली वाकून चाकाची जाळी हातानं हलवून पाहतो. सून हसते. मला हसू येत नाही.

पण घर म्हटलं की मला ती सायकल आठवत नाही, नागपूरची खोलीही नाही. आठवते ती त्या अखजीनंतर निघायची सकाळ. दमणी जुंपलेली, सासूबाईंचं गाठोडं बांधून झालेलं. मामाजींनी जू पाहिलं, चाकांच्या खिळी पाहिल्या, बैलांच्या पाठी थोपटल्या. मी वाट पाहत थांबले. ते वाक्य काही येईना.

शेवटी वच्छीला हाताशी धरून मीच मोठ्यानं म्हणाले, "मामाजी, लेकरू मधात बसवते जी!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"तुले वाटन तिथं बसव, माय," ते म्हणाले, आणि बैल हाकलले.