आमचा उमझुग

हॅनोव्हरला आल्यावर माझं जर्मन शिकणं घर शोधता शोधताच सुरू झालं, त्यामुळे ‘उमझुग’ म्हणजे घर बदलणं, एवढंच मला ठाऊक. खालच्या मजल्यावरचे आजोबा वस्तीतल्या मेंडोलिन-गिटारच्या बँडचे म्होरके. एकदा म्हणाले, “शनिवारी आमचा उमझुग आहे, तुम्हीही या.”

या वयात बिचारे सामान कसं उचलणार! मी हातमोजे, चिकटपट्टी आणि रिकामी खोकी घेऊन हजर झालो. समोर अख्खा बँड टोप्यांत पिसं खोवून उभा. उमझुग म्हणजे मिरवणूकसुद्धा! एरवी हातभर लांब शब्द करणाऱ्या जर्मनांनी नेमकी इथेच काटकसर करावी? आजोबांनी हसत हसत माझ्याच चिकटपट्टीने एक खोकं माझ्या गळ्यात अडकवलं. ते मी गावभर ढोलासारखं बडवलं आणि बँडमध्ये कायमचा भरती झालो.

गेल्या वर्षी आम्ही खरंच घर बदललं. मी बँडला कळवलं, “शनिवारी आमचा उमझुग.” सगळे वेळेवर आले, टोप्यांत पिसं खोवून, वाद्यं घेऊन. त्यांनी खाली अंगणात वाजवायला सुरुवात केली. बायको आणि मी तिसऱ्या मजल्यावर फ्रिज चढवत होतो.

आजोबा खालून ओरडले, “पावलं तालात टाका!”