चालू चाळ उपसायची नाही

माझ्या धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांइतका ठामपणे चुकणारा माणूस सबंध सटाणा तालुक्यात झाला नाही. कांद्याची मान अंगठ्याने दाबून, वास घेऊन ते जाहीर करत, "हा दिवाळी पाहणार!" आणि पोळ्याच्या आत त्याला कोंब फुटत. व्यापारी त्यांचा सल्ला आवर्जून घेत आणि नेमकं उलटं करत. आपल्याला सगळे विचारतात याचा त्यांना केवढा अभिमान! कांदा साठवायची चाळ एकदा भरली की मध्ये उपसायची नाही, हा त्यांचा नियम. नासका कांदा वेळीच काढला नाही तर शेजारचेही नासतात, असं गाव सांगून थकलं. "चालू चाळीला हात लावू नये," ते म्हणत, आणि दरवर्षी निम्मा माल उकिरड्यावर जाई.

हाच नियम त्यांनी हृदयालाही लावला. सत्तरच्या दशकात धाप लागते म्हणून बहीण त्यांना नाशिकला माझ्या दवाखान्यात घेऊन आली. हृदयाची झडप अरुंद झालेली. मुंबईच्या डॉक्टरांनीही ऑपरेशन सांगितलं, पण यांचं एकच, "चालू चाळ उपसायची नाही." शेवटी बहिणीला बाहेर बसवून मी वैतागून म्हणालो, "मग दोन वर्षं धरा. तुमच्या धाकट्या मुलीचं कॉलेज थांबवा, लग्न उरकून घ्या."

ते हसले. "डॉक्टर, तुमचा अंदाज माझ्या कांद्यासारखा निघाला म्हंजे? मी राहीन जित्ता, आन् पोरीचं शिक्षण गयं!"

बाहेर जाऊन त्यांनी बहिणीला सांगितलं, "काळजी नाही म्हणतात. गोळ्या घ्या, पोरीला शिकवा."

गोळ्या मात्र त्यांनी नेमाने घेतल्या, पापड-लोणचंही सोडलं. दर उन्हाळ्यात कांद्याची पिशवी घेऊन एस.टी.ने येत, पायरीवर टेकून दम खात आणि आत ओरडत, "डॉक्टर, माल टिकेल शे!" टिकून आहे तो माल म्हणजे ते स्वतः. मी ऑपरेशनचा विषय काढी, ते कांद्याचा. अशी दहाबारा वर्षं गेली. धाकटी कॉलेजात शिकवू लागली तेव्हा पहिले पेढे माझ्याकडे आले. "तुम्ही तेव्हा धीर दिलात म्हणून," ती म्हणाली. तिच्या मागे उभे राहून सासरेबुवा मला डोळा घालत होते. मी पेढा खाल्ला.

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या घरी अजून माझंच कौतुक होतं, म्हणून हे लिहून ठेवतो. तो धीर त्यांचा होता. ऑपरेशन केलं असतं तर ते आणखी जगले असते, असं मला आजही वाटतं. पण त्यानंतर मी कुठल्याच पेशंटला वर्षं सांगितली नाहीत. गोळ्या चुकवू नका, एवढंच म्हणायचो, आणि पुढच्या उन्हाळ्यात दाखवायला या. बरेच जण येतही. पायरीवरून ओरडत मात्र कुणी आलं नाही.