आमच्या चौकोनावरचे ढग

माझ्या धाकट्या भावाला आम्ही ढग्या म्हणतो. लहानपणी गच्चीवर पडून ढग बघत बसायचा म्हणून, आणि मोठेपणी त्याचाच पगार घ्यायला लागला म्हणून. हल्ली हाक मारताना माझी जीभ अडखळते, पण दुसरं नाव काही तोंडात बसत नाही.

त्याची नोकरी समजायला मला दहा वर्षं लागली. मोठ्या शहरातल्या हवामान संस्थेत ही माणसं कॉम्प्युटरमध्ये अख्खी पृथ्वी मांडतात. तिचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात ऊन, वारा, माती, पाणी, ढग यांची गणितं घालायची आणि काळ पुढे सोडायचा. याला ते मॉडेल म्हणतात. पण पुढचं सांगण्याआधी मॉडेलला होऊन गेलेली वर्षं बरोबर सांगता यावी लागतात, आणि ती पडताळायची ठिकठिकाणच्या नोंदींशी. "आधी कालचं सांग, मग उद्याचं बोल," असं ढग्या त्याला दटावायचा, पोटच्या पोरासारखं.

आमच्या चौकोनातली नोंद बाबांची. घरामागच्या मोकळ्या जागेत झडपांची पांढरी लाकडी पेटी, आत तापमापक. बाबा शाळेतून निवृत्त झाले, पेटीतून नाही. रोज दुपारी अडीचला छत्री घेऊन निघायचे, चष्मा पुसून दोनदा वाचायचे आणि आकडा संस्थेला कळवायचे. छत्तीस वर्षं हेच.

बारा वर्षांपूर्वी ढग्याने संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये आकड्यांसाठी एक चाळणी बसवली. आजूबाजूच्या केंद्रांपेक्षा फार वेगळा आकडा आला की तो बाद व्हायचा आणि नोंद पाठवणाऱ्याला आपोआप निरोप जायचा, 'नोंद संशयास्पद. कृपया नीट वाचून पुन्हा कळवावे.' वाक्य त्यानेच लिहिलेलं. हेतू चांगला होता, बिघडलेले तापमापक पकडायचा.

पुढे मॉडेल आमचा चौकोन नोंदीपेक्षा पाच-सहा अंशांनी जास्त तापलेला दाखवायला लागलं. नोंद तपास, असं त्याच्या साहेबीणबाई म्हणाल्या. हा म्हणाला, "मॉडेल चुकेल, माझे बाबा नाही चुकणार." मग दोन वर्षं त्याने ढगांची गणितं पिरगाळली, आमच्या डोक्यावर कागदोपत्री ढग चढवले आणि चौकोन गार करून दाखवला. त्यावर शाबासकीही मिळवली.

इथे आम्ही भाजून निघत होतो. मी शिवणकाम करते. दुपारी मशीनच्या चाकाला हात लावला की चटका बसायचा. शेवटी मी फोन केला.

"ढग्या, बाबांना तुझ्याकडे घेऊन जा. ऐंशी वर्षांचा माणूस आहे, जीव जाईल एखाद दिवशी."

"ताई, आकड्यांत तसं दिसत नाही गं. बेचाळीसच्या वर जातच नाही तुमच्याकडे. पुढेही फार नाही जाणार."

"आग लागो तुझ्या आकड्यांना! मी बोलतेय ते ऐकू येत नाही का?"

"माझे कुठे, बाबांचेच आकडे आहेत," तो हसला. मी फोन ठेवून दिला.

बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "लिहिलंय ना मी," आणि मान वळवली. मी मूर्ख, मला तेव्हाही कळलं नाही.

तेरा दिवसांनी ते पेटीपाशी कोसळले. छत्री हातातच होती. मी त्यांना दवाखान्यात नेलं आणि ढग्याला कळवलं.

ढग्या आला तो आधी पेटीकडे गेला. सत्तेचाळीस पूर्णांक आठ. तापमापक बिघडला असेल म्हणून त्याने सोबत आणलेला दुसरा लावला. तोही तेच सांगायला लागला. तसाच तो दवाखान्यात धावला.

"चिठ्ठ्या आल्या रे तुमच्या ऑफिसच्या," बाबा पुटपुटले. "चार वेळा. नीट वाचा म्हणे! वाटलं, पेटी काढून नेतील, तुलाही खाली मान घालावी लागेल. मग उन्हाळ्यात त्यांना चालेल तेवढंच लिहायला लागलो."

"खरे आकडे कुठे आहेत, बाबा? वहीत?"

"कुठेच नाहीत. एकदा खोटं लिहिल्यावर खरं लिहून ठेवायची लाज वाटायची."

ढग्या बाहेर येऊन बाकावर बसला. "ताई, त्या चिठ्ठीतलं वाक्य माझं आहे." मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

बाबा चौथ्या दिवशी गेले.

त्यानंतर ढग्याने चढवलेले ढग काढून मॉडेल पुन्हा चालवलं. वीस वर्षांनी आमच्याकडे सलग तीन महिने दुपारी बाहेर पडणं जिवावर बेतेल, असं निघालं. "मग सांग ना सगळ्यांना," मी ओरडले. "कशाच्या जोरावर? बारा वर्षांची खरी नोंदच नाही," तो म्हणाला. चाळणी सैल करा म्हणून त्याने संस्थेला विनवलं. आधी काही वर्षांची भरवशाची नोंद दाखवा, असं उत्तर आलं.

काल अडीचला तो बाबांची छत्री घेऊन पेटीकडे गेला. दोनदा वाचलं, अठ्ठेचाळीस पूर्णांक एक, आणि आकडा पाठवला. घरात येऊन पाणी पितोय तोवर फोन वाजला. त्याने निरोप वाचला आणि फोन माझ्यापुढे धरला.

'नोंद संशयास्पद. कृपया नीट वाचून पुन्हा कळवावे.'

ढग्याने चष्मा पुसला, छत्री उचलली आणि पुन्हा उन्हात गेला.